साठ गिल्या वड्यांचा दानशूर

केशवराव गावंडे यांनी वयाच्या छप्पन वर्षांत रस्त्यावर उभं राहून साधा फुटाणाही तोंडात टाकला नव्हता. खाणं ही बसून करायची गोष्ट आहे, आणि खाऊ घालणं ही तर गल्ल्यामागे बसून करायची गोष्ट आहे, असं त्यांचं मत. अमरावतीच्या गाडगेनगरात ‘गावंडे भोजनालय’ ही पाटी बावीस वर्षं लटकत होती आणि तिच्याखाली पांढरा शर्ट घालून केशवराव बसत. अशा माणसाला एका डिसेंबरच्या सकाळी लोकांनी हातगाडीमागे उभं पाहिलं, तोंडाला मास्क, डोळ्यांना काळा चष्मा, डोक्याला कानटोपी. चोरसुद्धा इतका झाकून येत नाही.

हे कसं झालं ते सांगतो. माणूस एकदम नीच होत नाही. सल्ले ऐकत ऐकत होतो.

कोरोनाचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. हॉटेलं उघडायची परवानगी मिळाली होती, पण भोजनालयात जेवायचं कोणी? गाडगेनगरची सगळी मेसची पोरं आपापल्या गावी बसून मोबाईलवर कॉलेज शिकत होती. बारा टेबलांवर बारा सॅनिटायझरच्या बाटल्या आणि एकही माणूस नाही. हॉटेलवाल्यांना सरकारनं काय दिलं? टीव्हीवर रोज नवं पॅकेज फुटायचं. केशवराव वही-पेन घेऊन समोर बसत. महिनाभरानं वहीत एकच शब्द होता: ‘सहानुभूती’. ती खात्यात जमा होत नाही आणि तिच्यात डाळ शिजत नाही.

मदत होती ती हातगाडीवाल्यांना. दहा हजारांचं बिनतारण कर्ज. सर्वेवाला येणार, गाडीवर धंदा करताना माणसाचा फोटो काढणार, गाडीवर पिवळ्या रंगानं नंबर टाकणार, हातात चिठ्ठी देणार. चिठ्ठी दाखवली की बँकेत पुढचं काम.

“मंग तुमी घ्या की हातगाडी,” नत्थुजी म्हणाले.

नत्थुजी म्हणजे शेजारचे निवृत्त कारकून. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी टेबलामागून लोकांना ‘होत नाही’ सांगितलं, आणि निवृत्त झाल्यापासून ‘कसं होत नाही?’ विचारत फिरतात.

“मी? हातगाडी?” केशवरावांचा आवाज फाटला. “नत्थुजी, बारा टेबलं हायेत माही!”

“टेबलावर कोन बसून राह्यलं? माश्या! कागदावर काय पाह्यजे? गाडी, मानूस नि फोटो. एका सकाळचं काम. गुरुवारी सर्वे आहे आपल्या भागात, अकराच्या आत. फोटो झाला, की गाडी परत.”

“कोनाची गाडी?”

नत्थुजींनी नुसतं समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे आशाबाईंची गाडी होती.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण केशवराव स्वतःहून ती कोणाला सांगत नसत. आशाबाई त्यांच्या भोजनालयात चौदा वर्षं पोळ्या लाटत होत्या. टाळेबंदी लागली त्या आठवड्यात केशवरावांनी त्यांना बोलावून म्हटलं होतं, “दोन महिने घरी राहा आशाबाई. सरकार पाहीन तुमचं.” सरकारनं पाहिलं नाही, केशवरावांनीही पाहिलं नाही. आशाबाईंनी मग कानातलं मोडलं, हातगाडी घेतली आणि जुन्या मालकाच्या दारापासून पन्नास पावलांवर गिला वडा विकायला लागल्या. चटणीत बुडवलेला त्यांचा गिला वडा खायला लोक राजापेठेतून येत. केशवराव गल्ल्यावरून ती गर्दी बघत आणि माणिकबाईंना म्हणत, “तेल बरोबर नाही वापरत ते बाई.”

माणिकबाई म्हणजे त्यांची बायको. ती म्हणे, “तुमी खाल्ला काय कधी?”

तर बुधवारी केशवराव आशाबाईंकडे गेले. पन्नास पावलं चालायला त्यांना वीस मिनिटं लागली.

“आशाबाई, उद्या सकाळी तुमची गाडी पाह्यजे होती. फोटोपुरती.”

आशाबाईंच्या हातातला झारा थांबला. “मालक, उद्या तर सर्वे हाये. माहाही फोटो निघनार हाये ना.”

“आधी माहा, मंग तुमचा. नत्थुजींनी समदं पाह्यलं हाये. सर्वेवाला आधी आपल्या गल्लीत येते, मंग मांगच्या. इकडं माहा झाला, की तुमी गाडी घेऊन तिकडं उभ्या राहा. एक गाडी दोघायले पुरते.”

चौदा वर्षं ज्यांच्याकडून पगार घेतला त्यांना नाही कसं म्हणायचं, हे आशाबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. “बरं,” त्या म्हणाल्या. “पन रिकामी गाडी कशी दिसन? मी वडे तळून ठेवीन.” पहाटे उठून स्वतःच्या डाळीचे, स्वतःच्या तेलात तळलेले साठ वडे त्यांनी गाडीवर रचून दिले आणि समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

केशवराव एकटे गाडीमागे. आता जो तो माणसाला तोंडावरून ओळखतो असं केशवरावांना वाटत होतं. ते खोटं आहे. माणूस पोटावरून ओळखू येतो.

“अगं बाई, केशवभाऊ!” समोरच्या बेबीताई फाटकातूनच ओरडल्या. “तुमी? गाडीवर?”

बेबीताई म्हणजे गाडगेनगरची सकाळची आवृत्ती. त्यांना कळलं की दुपारपर्यंत बडनेऱ्याला कळतं. केशवरावांच्या कानटोपीखाली घाम फुटला.

“नाही... म्हंजे... असंच. लोकायसाठी.”

“काय हाये? गिला वडा? द्या बरं एक प्लेट.”

त्यांनी दिली. बेबीताईंनी उभ्याउभ्या खाल्ली, चटणी मागून घेतली आणि पदराच्या गाठीला हात घातला. आणि इथेच घात झाला.

त्याचं असं आहे. भोजनालयात ओळखीचा माणूस जेवून गल्ल्यावर आला, की मालकानं म्हणायचं, “राहू द्या ना बाप्पा!” त्यानं म्हणायचं, “असं कसं?” मालकानं नोट परत सरकवायची. त्यानं पुन्हा पुढे ढकलायची. तिसऱ्या वेळी मालकानं ‘तुमी काही ऐकत नाही’ असं कुरकुरत नोट गल्ल्यात टाकायची. दोनदा नाही, तिसऱ्यांदा हो. बावीस वर्षांत हा हिशोब कधी चुकला नव्हता. याला आमच्याकडे माणुसकी म्हणतात, आणि ती दोन्ही बाजूंना पाठ असते.

“राहू द्या ना ताई!” केशवरावांच्या तोंडून आपोआप निघालं.

बेबीताईंनी गाठ सोडलीच नाही. “खरंच?” म्हणून त्यांनी आणखी एक प्लेट घरी पोरासाठी घेतली आणि निघाल्या.

केशवराव हात पुढे धरून तसेच उभे. त्या परत येऊन ‘असं कसं?’ म्हणतील याची वाट पाहत. पण ते वर्षच असं होतं की कोणी ‘असं कसं’ म्हणायच्या परिस्थितीत नव्हतं. खिचडी वाटणारे, धान्य वाटणारे, मास्क वाटणारे, सगळे फोटोसकट गल्लीगल्लीत हिंडून गेले होते. गाडीवर पांढऱ्या शर्टातला माणूस पैसे घेत नाही म्हणजे तो वाटपवाला, हे लहान पोराला कळत होतं.

“फुकट हाये वो! गावंडे वाटून राह्यले!” फाटकातून बेबीताईंची हाळी गेली.

दहा मिनिटांत रांग लागली. चुन्याच्या गोलांत, अंतर ठेवून. अमरावतीत एवढी शिस्त फक्त फुकटाच्या रांगेत दिसते. रांगेत वकील होते, एक डॉक्टर होते, भोजनालयाची मागची बाकी असलेले दोघं होते. प्रत्येकाला केशवराव सांगायला तोंड उघडत की हे विकायला आहे, आणि प्रत्येक जण त्याआधीच म्हणे, “वा केशवराव! आजच्या काळात कोन करते?” हे ऐकल्यावर किंमत सांगता येते का? तुम्ही सांगून पाहा.

समोर कडुनिंबाखाली आशाबाई उभ्या होत्या. त्यांचे वडे जात होते. केशवरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग काळ्या चष्म्याचा उपयोग केला.

सर्वेवाला श्याम आला तेव्हा चार वडे उरले होते. कंत्राटावरचा पोरगा, सकाळपासून उपाशी. त्यानं मोबाईल काढला, रांग बघितली.

“काका, प्लेट कितीले?” त्यानं रांगेतल्या एकाला विचारलं.

“फुकट! देवमानूस हाये हा!”

श्यामनं केशवरावांकडे असं पाहिलं की कोणालाही रडू यावं. “सर, दिवसभर फिरून राह्यलो, समदे म्हणतात आमाले द्या. देनारा तुमी पयलेच दिसले.” त्यानं फोटो काढला, गाडीवर पिवळा नंबर टाकला आणि मोबाईलमध्ये जो रकाना होता तो भरला: ‘मोफत अन्नवाटप’. मग एक वडा खाल्ला आणि खिशात हात घातला.

“राहू द्या ना बाप्पा,” केशवराव म्हणाले. जीभ आता त्यांच्या ताब्यात नव्हती.

श्याम मागच्या गल्लीत गेला. आशाबाई धावत आल्या, रिकामी गाडी ढकलत मागच्या गल्लीत पोचल्या. पाच मिनिटांनी तशाच परत आल्या.

“मालक, तो म्हनते या गाडीवर नंबर पडला. ही दानाची गाडी. दानाच्या गाडीवर कर्ज नाही भेटत. एका गाडीले एकच नाव.” त्यांचा श्वास लागला होता. “त्याले तुमी सांगा ना.”

ओट्यावर टेकलेले केशवराव उठले होते. देवाशप्पथ उठले होते. पण फाटकात बेबीताई उभ्या होत्या, बाजूला वकील वडा खात होते, आणि नत्थुजी कानाशी येऊन कुजबुजले, “आता म्हनसान विकत होतो, तर लोक पैसे द्यायले लागतीन काय? उलटं, खोटा अर्ज म्हून तुमच्यावरच येईन. पाहू मंग शांततेनं.”

“पाहू आशाबाई,” केशवराव म्हणाले. “सोमवारी जातो मी हापिसात. नि वड्यायचे पैसे देतो.”

त्या सोमवारी भोजनालयात पेपरचा बातमीदार आला. मंगळवारी फोटो छापून आला: ‘स्वतःचा व्यवसाय डबघाईला, तरी गोरगरिबांना घास’. डबघाईला हा शब्द केशवरावांना बोचला, पण बाकी मजकूर त्यांनी चारदा वाचला. बुधवारी अकोल्याहून फोन आला.

“गावंडेसाहेब!” पलीकडून महादेवराव बोलत होते. त्यांचे व्याही.

केशवराव उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांची पौर्णिमा अकोल्यात दिली, तेव्हापासून महादेवराव त्यांची ओळख ‘आमचे खानावळवाले व्याही’ अशी करून देत. बारशात, मौंजीत, एकदा तर मयतीत. साहेब हा शब्द त्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता.

“आमच्या मंडळाचा सव्वीस जानेवारीले सत्कार हाये, कोरोना योद्ध्यायचा. एक डॉक्टर, एक नर्स नि तुमी. मी सांगून दिलं समद्यायले, माहे व्याही हायेत म्हून!”

इकडे आशाबाई तीनदा सर्वेच्या कार्यालयात जाऊन आल्या. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं होतं: ज्याच्या नावानं वाटप लागलं त्यानं प्रतिज्ञापत्र द्यावं, की गाडी आशाबाईंची आहे आणि वाटप नव्हतंच. यादी पंचवीस जानेवारीला बंद होते. त्याआधी कागद आला तर नाव चढेल. साधी गोष्ट. शंभराचा स्टँप आणि खरं बोलायची तयारी. स्टँप मिळत होता.

केशवराव आधी सोमवार म्हणाले होते. तो गेला. मग संक्रांत झाल्यावर म्हणाले. संक्रांत झाली.

“तारीख जवळ आली मालक,” आशाबाई दारात येऊन म्हणाल्या. “त्या पैशात मले दुसरी शेगडी घ्या लागते. एकावर होत नाही.”

“जातो म्हटलं ना!” केशवराव खेकसले. ज्याची चूक असते तोच खेकसतो, हे लक्षात ठेवा.

नत्थुजींचा सल्ला वेगळाच. “प्रतिज्ञापत्र म्हंजे जाहीर कागद. पंचवीसले तुमी लिहून देसान का दान केलं नाही, नि सव्वीसले दानाची शाल घेसान? काही पाचपोच? सत्कार होऊ द्या. मंग द्या कागद.”

“पन यादी पंचवीसले बंद होते.”

“सरकारी यादी कधी वेळेवर बंद झाली काय?”

पंचवीस तारखेला सोमवार होता. सकाळी दहाला आशाबाई धुतलेलं लुगडं नेसून, आधारकार्डाची पिशवी घेऊन दारात आल्या. केशवराव आतल्या खोलीत गादीवर पडले आणि त्यांनी बायकोला सांगितलं, “तिले सांग, माहा घसा धरला. खोकला हाये.”

“खोकून दाखवा,” माणिकबाई म्हणाली.

त्यांनी खोकून दाखवलं. त्या काळात खोकला ही काय चीज होती ते आठवा. बेबीताईंनी समोरच्या फाटकातून ऐकला. अर्ध्या तासात दाराशी पीपीई घातलेले दोघं उभे! केशवरावांच्या नाकात काडी गेली, मेंदूपर्यंत गेल्यासारखी वाटली, तिथे काही सापडलं नाही. गल्लीनं त्यांच्या ओट्याकडे जाणं बंद केलं. दानशूर असला तरी विषाणूचा काय भरवसा?

आशाबाई मात्र गेल्या नव्हत्या. दुपारी माणिकबाई आत आली आणि तिनं उशाशी एक पुडी आपटली. आल्याचा तुकडा, चार लवंगा, तुळशीची पानं.

“आशाबाईनं देल्लं. म्हने मालकाले काढा करून द्या. कार्यालय पाचले बंद झालं, तवा गेली ते बाई घरी.” मग दारात थांबून ती म्हणाली, “तुमाले खोकला नाही, हे मले ठावं हाये. तुमाले काय हाये ते पन ठावं हाये.”

काढा केशवरावांनी प्यायला. तिखट होता. नुसतं घशालाच लागला असता तर बरं होतं.

सकाळी ‘निगेटिव्ह’ असा मेसेज आला आणि केशवराव मोकळे झाले. अकोल्याच्या गाडीत बसताना त्यांनी ठरवलं, की स्टेजवरून खरं सांगून टाकायचं. मूर्तिजापूर येईपर्यंत वाक्यंही जुळली.

मांडवात पन्नास खुर्च्या. पहिल्या रांगेत पौर्णिमा, तिचा नवरा, सासू. महादेवरावांनी वीस मिनिटं भाषण केलं, त्यात ‘माझे व्याही’ अकरा वेळा आलं. शाल, नारळ, काचेचं सन्मानचिन्ह. मग माईक.

“मी...” केशवरावांनी माईक दोन्ही हातांत धरला. “मी काही दान केलं नाही.”

टाळ्या! दोन मिनिटं टाळ्या.

“नाही, खरंच. ऐका. ते वडे माहे नव्हतेच.”

“वा!” महादेवरावांनी माईक ओढला. “पाहा, याले म्हनतात मोठेपना! माहं नाहीच म्हनतात! नाही तर आजकालचे पुढारी!” पुन्हा टाळ्या. नर्सबाईंनी डोळे पुसले. पौर्णिमा सासूकडे बघत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मान वर करून.

दोनदा नाही म्हणून झालं होतं. तिसऱ्यांदा म्हणायला वाव होता. माईक हातात परत आला होता. आशाबाई हे नाव घ्यायचं होतं, दोन अक्षरं आणि एक ‘बाई’. केशवरावांनी खाली पाहिलं, शाल सरळ केली.

“तुमी काही ऐकत नाही,” ते म्हणाले, आणि बसले.

परतीच्या वाटेवर त्यांनी शाल घडी करून पिशवीत टाकली, वरून नारळ ठेवला, तरी शालीची चमकी बाहेर दिसत राहिली.

सत्तावीसला सकाळी ते कचेरीबाहेरच्या स्टँपवाल्याकडे जाऊन बसले. कोणी सल्ला दिला नव्हता. डोमाजी नावाच्या त्या म्हाताऱ्यानं कागद टाईप करता करता चष्मा वर केला.

“दान केल्याचे कागद लय केले भाऊ. न केल्याचा पयलाच पाहून राह्यलो. कावून पाह्यजे?”

“केलं नाही म्हून.”

डोमाजीनं टाईप केलं: ‘मी शपथेवर लिहून देतो की मी दानशूर नाही.’ केशवराव म्हणाले, यात ‘गाडी व साठ वडे आशाबाईंचे होते’ हेही टाका. ‘मी ते न विचारता लोकांना वाटले.’ ‘मी गप्प राहिलो.’ डोमाजी म्हणाला, शेवटचं वाक्य कायद्यात लागत नाही. केशवराव म्हणाले, राहू दे.

कार्यालयातल्या बाईंनी कागद वाचला, दोनदा वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं. “परवा का नाही आणला?”

केशवरावांना खोकला आला. खरा.

“यादी परवाच गेली. पुढची निघाली की नाव चढवतो. कधी निघेल सांगता येत नाही.”

बातमी त्याच दुपारी बेबीताईंना कळली, म्हणजे संध्याकाळी अकोल्याला पोचली. महादेवरावांचा फोन आला नाही. पौर्णिमाचा आला. “बाबा, इथं सगळे पुन्हा खानावळवाले म्हणून राहिले,” ती म्हणाली आणि थोडं थांबून, “आशामावशीचं नाव घेऊन बोलले असते तर चाललं असतं मले.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घराबाहेर पडले. मास्क होता, चष्मा नव्हता, टोपी नव्हती. पन्नास पावलं. गाडीवर पिवळा नंबर तसाच होता. एकाच शेगडीवर तेल तापत होतं आणि चार गिऱ्हाईकं ताटकळत होती. केशवराव रांगेत उभे राहिले. आपल्याच गल्लीत, आपल्याच पाटीसमोर. बेबीताई फाटकात आल्या, वकील थांबले. कोणी ‘वा’ म्हटलं नाही.

पाळी आली. आशाबाईंनी प्लेट दिली. केशवरावांनी रस्त्यावर उभं राहून गिला वडा खाल्ला, आयुष्यात पहिल्यांदा. तेल बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं.

मग त्यांनी खिशातून पैसे मोजून भरलेलं कागदी पाकीट काढलं. आजची प्लेट, आणि ते साठ वडे. पाकीट पुढे धरून ते थांबले. आता ती म्हणेल, राहू द्या मालक. मग आपण म्हणू, असं कसं? ती सरकवेल, आपण पुन्हा ढकलू. बावीस वर्षांची सवय, हात आपसूक दुसऱ्या खेपेच्या तयारीत होता.

आशाबाईंनी पदराला हात पुसला, पाकीट घेतलं, डब्यात टाकलं, झाकण लावलं.

“बाजूले व्हा,” त्या म्हणाल्या. “मांगं गिऱ्हाईक हाये.”